भीतीचे अठ्ठावीस गुण

१७ ऑगस्ट २०२०, सोम.
पल्स पोलिओ झाला, जनगणना झाली, निवडणुकीची ड्यूटी तर दर वेळी. आता भीती. कारखान्याची शाळा बंद म्हणजे मास्तरणी रिकाम्या, असा तिथल्या कल्याण विभागाचा समज. घरोघरी जाऊन लोकांना कोरोनाची भीती किती वाटते ते मोजायचं. 'अवाजवी भीती मापन सर्वेक्षण'. मी गणिताची, म्हणून माझ्याकडे बेरजाही. आपल्या सेक्टरचे चाळीस क्वार्टर.
श्रीला सांगितलं. हसला. "कशानं मोजणार? पट्टीनं?" आज त्याचा घरी राहायचा दिवस. अर्धे लोक एक दिवस, अर्धे दुसऱ्या दिवशी, असं मार्चनंतर चाललंय. शिवाय त्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वाइंडिंग हॉलमधून सूट आहे. हॉल कायम बंद आणि एसी, यंत्रांसाठी गुंडाळायच्या तांब्याच्या कॉइलवर धूळ बसू नये म्हणून. आत शंभरेक माणसं. श्रीचं उजवं फुप्फुस टीबीनं अर्धं खाल्लेलं. तो बाहेर व्हरांड्यात टेबल टाकून ड्रॉइंगं तपासतो. नवऱ्याच्या त्या टेबलावर माझा जीव टांगलेला आहे.

१८ ऑग., मंगळ.
कल्याण अधिकारी तिवारी साहेबांची मोबाइलवर मीटिंग. "मैडम लोग, बीमारी से ज़्यादा बीमारी का डर फैला है. प्रोडक्शन रुका पड़ा है. डर नापना है, बस."
सात प्रश्न. प्रत्येकाला एक ते पाच. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे नेहमी. एकवीसच्या वर गेला तो अवाजवी.
मी विचारलं, नाव कशाला लिहायचं? म्हणाले, "नाम और स्टाफ नंबर तो रहेगा ही, मैडम. सरकारी काम है."
फॉर्म पाहिला. लोकांचा वर्षाचा सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, भरायचा जो छापील कागद असतो, त्याच चौकटी. नवीन कोण बनवतो! वरचं शीर्षक तेवढं बदललंय.

२० ऑग., गुरु.
पहिला दिवस. फाटकाबाहेर उभं राहून मास्कमधून ओरडायचं. "कुणी खोकलं तर तुम्ही उठून जाता का?" समोरून आतल्या आत चर्चा. मग आकडा.
देशकर वहिनींकडे अर्धा तास. देशकर अकाउंट्समध्ये, नागपूरचे, दोन वर्षांनी रिटायर. वहिनी पेन हातात घेऊन: "अवो म्याडम, चार लिहू नं? सगळ्याले चारच?"
मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला जे वाटतं ते लिहा.
आतून देशकर: "वाटते काय त्याले काय करता? खाली सही आहे नं माझी! पाच लिहिलं तर म्हणतील हा माणूस भित्रा हाय. एक लिहिलं तर म्हणतील निष्काळजी हाय, याले धाडा हॉलमधी. अन् तीन तं लिहायचंच नाही कधी. तीन म्हणजे सीआर खराब. बत्तीस वर्षं झाली बाई, मी चारच लिहून राह्यलो."
सात चोक अठ्ठावीस.
शेजारच्या शर्मांकडे चार. त्यांच्या पलीकडे चार. एका घरी तर नवरा बायकोला दटावत होता, "तीन मत लिख देना कहीं!" इथं प्रत्येक माणूस दर मार्चमध्ये स्वतःला गुण देतो: कामाची आवड, चार. वक्तशीरपणा, चार. पुढाकार, चार. हात ठरलेला आहे. भीतीलाही चार.
मला हसू येत होतं. आज तरी येत होतं.

२२ ऑग., शनि.
गणपती बसले. यंदा मंडळाचा नाही. घरचा वीतभर. लेकीनं, मुक्तानं, आरती मोबाइलवर लावली, आम्ही तिघं टाळ्या वाजवत उभे. २४ वर्षांत पहिल्यांदा दिवसभर एकही माणूस घरात आलं नाही.
श्री म्हणाला, "तसा एकदा नव्हता आला कुणी."
त्याच्या टीबीचं साल. नैवेद्याचं ताट मांडायला मी उठले.

२५ ऑग., मंगळ.
अकरा दारं उघडतच नाहीत. काहीजण गावी अडकलेत, काहीजण आत असून उघडत नाहीत. तीन तीन वेळा बेल वाजवून झाली. एका खिडकीतून बाई म्हणाली, "दूर से जाइए." तिचे खरे गुण एवढ्यावरच कळत होते, पण तिनं कागदाला हात लावला नाही.
तिवारींचा फोन. परवा शेवटचा दिवस. "सौ परसेंट चाहिए, मैडम. बाकी टीचर्स का तो हो गया."
बाकीच्यांचं कसं झालं ते मी विचारलं नाही.

२६ ऑग., बुध.
दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून अकरा फॉर्म भरले. चार चार चार चार चार चार चार. अठ्ठावीस घरांनी तेच लिहिलं होतं, मग ही अकरा काय वेगळं लिहिणार होती? असं मनाशी म्हणत भरले. सह्यांच्या जागी 'दूरध्वनीवरून'. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत नक्कल पकडली. बारावीच्या मुलाला एकदा सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं मी, शेजाऱ्याचं पाहून लिहिलं म्हणून.
श्री चहा घ्यायला आला. त्याचा फॉर्म पुढे केला.
"तू भर. तुला जास्त माहीत."
भरला. अठ्ठावीस. घाई होती.

२७ ऑग., गुरु.
दिले. तिवारी खूश. गठ्ठ्यावर हात फिरवून म्हणाले, "वाह मैडम, चालीस के चालीस!"

७ सप्टें., सोम.
मुक्ता आज माझा बेरजांचा तक्ता लॅपटॉपवर पाहत होती. एमएला सायकॉलॉजी तिचं, सध्या सगळं घरूनच.
"आई, ये क्या है? सगळ्यांचे अठ्ठावीस? असं कुठं असतं?"
मी सीआरचं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, अशी प्रश्नावली कुणाला आधार हवाय ते शोधायला असते, आणि नाव घेतलं की लोक खरं सांगत नाहीत हे पहिल्याच वर्षी शिकवतात. मग म्हणाली, "आणि भीती जास्त आहे की बरोबर आहे, हे कोण ठरवणार? बाबांची भीती अवाजवी कशी असेल?"
"बाबांचा फॉर्म कुणी भरला?"
मी म्हटलं, कुकर लाव.

१२ सप्टें., शनि.
सर्क्युलर आलं. हिंदीत, दोन पानी. शब्द साधारण असे: सर्वेक्षणातून दिसतं की कर्मचाऱ्यांमधली भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार जास्त आहे. अशी भीती आरोग्याला घातक. सबब आलटून-पालटून हजेरी २१ तारखेपासून बंद, सगळ्यांनी रोज यायचं. ज्यांचे गुण एकवीसच्या वर त्यांना फोनवरून समुपदेशन. आणि डॉक्टरी चिठ्ठीवर दिलेल्या सवलती 'भीतीमूलक असण्याची शक्यता' म्हणून तहकूब.
श्रीचं व्हरांड्यातलं टेबल गेलं.
तो वाचून म्हणाला, "ठीक आहे." सर्क्युलरची घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली. तिथं कशाला ठेवली?

१४ सप्टें., सोम.
तिवारींच्या ऑफिसात गेले. उभ्यानेच सांगितलं, साहेब, हे आकडे खोटे आहेत, लोकांनी सीआरसारखं भरलंय, घाबरून नाही, सवयीनं. श्रीकांतचं फुप्फुस, सगळं सांगितलं.
शांतपणे ऐकलं. मग कपाटातून माझा गठ्ठा काढला. त्यातले बारा फॉर्म आधीच वेगळे काढून पिन मारून ठेवले होते.
"ये बारह एक ही हाथ के हैं, मैडम. मैंने पहले ही दिन देख लिया था. कुछ कहा मैंने? नहीं ना." पाणी मागवलं माझ्यासाठी. "आप लिखकर दे दीजिए कि सर्वे ग़लत है. फिर ये भी लिखना पड़ेगा कि किसने भरा. इन्क्वायरी बैठेगी. आपकी कितनी सर्विस बची है?"
नऊ वर्षं.
पाणी प्यायले आणि घरी आले. प्यायले! तेही त्या माणसाच्या हातचं.

१७ सप्टें., गुरु.
सेक्टरमध्ये कुजबुज. "मॅडमनं काय लिहून दिलं कोण जाणे, सगळ्यांना घाबरट ठरवलं." शर्मा वहिनी मला पाहून फाटक लावून आत गेल्या. देशकर वहिनी भाजीच्या गाडीवर तोंडावर म्हणाल्या, "आमच्या ह्यांले शुगर हाय म्याडम, तुमाले ठाऊक होतं नं?"
मी म्हणणार होते, चार तुम्हीच लिहिलेत. स्वतःच्या हातानं, सातही. पण माझे बारा आठवले आणि भेंडी घेऊन परतले. चिडून जिन्यात रडले. सगळ्यांवर चीड आली, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःवर.

२१ सप्टें., सोम.
श्री गेला. दोन मास्क. डबा, पाण्याची वेगळी बाटली. आठची शिफ्ट. आतल्या हॉलमध्ये तीन नंबरच्या कॉइलवर. शेजारी नरवरे म्हणून ग्वाल्हेरकडचा जुना कारागीर आहे, "बोलघेवडा आहे, बोलताना मास्क खाली घेतो," म्हणाला.
आल्यावर बाथरूमला अर्धा तास. मी दाराशी टॉवेल धरून.

२४ सप्टें., गुरु.
समुपदेशनाचा फोन आला. एम. पी. नगरात कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर कुठलीशी संस्था आहे, तिला हे काम दिलंय म्हणे. मुलगी गोड बोलत होती. श्रीनं स्पीकरवर टाकला.
"सर, आपका स्कोर अट्ठाईस है. घबराइए नहीं. मेरे साथ लंबी साँस लीजिए. दस तक रोकिए."
श्रीनं घेतला श्वास. आज्ञाधारक माणूस. चारपर्यंत रोखला आणि असा खोकला आला की फोन टेबलावरून खाली पडला. खालून ती विचारतेय, "सर? सर, रिलैक्स फील हो रहा है?"
मुक्ता संतापून उठून गेली. श्री डोळे पुसत हसत होता. मला त्या पोरीचा गळा दाबावासा वाटला. तिची काय चूक? तिच्याकडे माझाच आकडा होता.

३ ऑक्टो., शनि.
हॉलमधल्या एकाला कोरोना निघाला. त्याच्या कॉइलभोवती फवारलं, दुपारी काम सुरू. लांबच्या टोकाला होता, असं श्री म्हणाला. एसी सगळ्या हॉलला एकच आहे, हे तो म्हणाला नाही. मला ठाऊक आहे.

६ ऑक्टो., मंगळ.
आज श्रीला सांगितलं. अकरा फॉर्मांचं, तिवारींचं, पाण्याच्या ग्लासाचंसुद्धा. तो शेंगा सोलत होता. सोलतच राहिला.
म्हणाला, "मला माहीत होतं. तू भरताना मी चहा घेऊन मागंच उभा होतो."
"मग बोलला का नाहीस?"
हातातली शेंग ढिगात टाकली. मग: "मी म्हटलं तू भर. मला वाटलं तू निदान विचारशील. चोवीस वर्षांचा संसार आपला. अठ्ठावीस घरी विचारलंस, नीलू, या घरात विचारलं नाहीस."
मग तो ते बोलला, जे बावीस वर्षांत कधी बोलला नाही. ९८ साली टीबी झाला तेव्हा मी त्याचं ताट-वाटी-पेला वेगळं केलं. डॉक्टर म्हणाले होते, औषध सुरू झाल्यावर थोड्या दिवसांत धोका राहत नाही. मी वर्षभर वेगळं ठेवलं. मुक्ता पोटात होती म्हणून, असं सगळ्यांना सांगायचे. मुक्ता झाल्यावरही ठेवलं. "तेव्हाही विचारलं नव्हतंस, मला कसं वाटतं."
त्या वर्षी माझे गुण पस्तीसपैकी पस्तीस भरले असते. अवाजवी म्हणजे काय हे मला दुसऱ्यांच्या फाटकावर उभं राहून शोधायची काय गरज होती?
शेंगांचा ढीग तसाच. भाजी झाली नाही. वरणभात.

९ ऑक्टो., शुक्र.
पत्र लिहिलं. एक पान. अकरा फॉर्म मी न विचारता भरले, बारावा नवऱ्याचा, तोही न विचारता. सबब हे सर्वेक्षण ग्राह्य धरू नये आणि सवलती पूर्ववत कराव्यात. मुक्तानं हिंदी तपासलं.
श्री म्हणतो, नको. "तुझी नोकरी गेली तर? माझी चारच वर्षं उरलीत, काढीन." काढीन म्हणजे काय? तिथं जाऊन श्वास काढणार आहे का उसना?
पत्र पर्समध्ये.

१२ ऑक्टो., सोम.
तिवारींनीच बोलावलं. पत्र पर्समध्ये, हात पर्सवर. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी नवा गठ्ठा पुढे सरकवला.
"दूसरा राउंड, मैडम. काउन्सेलिंग का असर दिखाना है ऊपर. इस बार दो-दो आना चाहिए." मग हसून, "आप तो समझदार हैं."
गठ्ठा उचलून घरी आले. पत्र पर्समध्येच. असल्या बाईला काय म्हणावं? मी रोज वर्गात सांगायचे, उत्तर चुकलं तर खोडून पुन्हा लिहावं, लाज कसली.

१५ ऑक्टो., गुरु.
पुन्हा फाटकं. या वेळी काही सांगावं लागलं नाही. लोकांना आपोआप कळलंय. समुपदेशन होऊनही सुधारला नाही म्हणजे प्रतिकूल शेरा. दोन, दोन, दोन. शर्मांनी तर दारातच विचारलं, "मैडम, एक लिख दें? ज़्यादा तो नहीं हो जाएगा?"
देशकरांच्या पडद्याआड खोकला. कोरडा, थांबतच नव्हता. वहिनींनी फॉर्म भिंतीला टेकवून भराभर दोन-दोन लिहिलं. डोळे लाल.
"वहिनी, तपासलं का त्यांना?"
"ॲलर्जी हाय म्याडम. धुळीची." मग फाटकाला धरून हळूच, "कोणाले सांगू नका नं. रजा मांडली तर म्हणतील भेलेला हाय."
चौदा. सात दुणे चौदा. भीती निम्म्यावर आली. असा निकाल माझ्या कुठल्याच वर्गानं कधी दिला नाही.
घरी येऊन डॉक्टरांना फोन केला, देशकरांचं नाव सांगितलं. वहिनी मला माफ करणार नाहीत. नकोत करू.

१६ ऑक्टो., शुक्र.
देशकरांना दुपारी दवाखान्याच्या गाडीतून नेलं. वहिनी खिडकीशी होत्या. मी हात केला. त्यांनी केला नाही.
संध्याकाळी श्री आला तो बुटांची नाडी सोडताना म्हणाला, नरवरे दोन दिवस आला नाही. त्याची कॉइल अर्धी बांधलेली आहे, साहेबांनी ती श्रीला पुरी करायला सांगितलीय.

१७ ऑक्टो., शनि.
घट बसवले. नरवरेचा फोन बंद. श्रीला ताप नाही. मी चार वेळा मोजला, त्यानं चारही वेळा मुकाट्यानं तोंड उघडलं.

१८ ऑक्टो., रवि.
दुपारी जेवणं झाल्यावर एक कोरा फॉर्म आणि पेन घेऊन श्रीच्या समोर बसले. म्हटलं, आता विचारते. मुक्ता आतल्या खोलीत होती, तिनं दार लोटून घेतलं.
एक. कुणी खोकलं तर उठून जावंसं वाटतं? "हॉलमध्ये उठून जाऊन कुठं जाणार? पण वाटतं. पाच."
दोन. नळ, कडी, हत्यारं हातात घेताना? "तीन. हत्यारं माझी आहेत, त्यांची भीती वाटत नाही मला." तीन लिहिलं. एवढ्या कागदांमधला पहिला तीन.
तीन. घरातल्या माणसांजवळ बसायला बिचकता? तो माझ्याकडे पाहत राहिला. "पाच. म्हणून तर मी महिनाभर बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपतोय. तुला वाटलं उकडतं म्हणून?"
हो. मला तसंच वाटलं होतं.
चार. झोप उडते? "पाच." पुढचा प्रश्न, पाच. कामावर जाण्याच्या विचारानं पोटात गोळा येतो? "साडेसातला येतो. फाटकापाशी जातो. म्हणजे आत गेल्यावर काही वाटेनासं होतं. ते जास्त वाईट. पाच." सहा. आपल्यालाच झालाय असं वाटतं? "नरवरे यायचा थांबल्यापासून. पाच."
सात. आपल्यामागं घरच्यांचं काय, हे मनातून जात नाही? यावर आकडा सांगितलाच नाही. टेबलावरचा टेबलक्लॉथ सरळ करत बसला. मी वाट पाहिली. शेवटी मी काहीच लिहिलं नाही तिथं. जागा कोरी आहे.
बेरीज लागत नाही अशा फॉर्मची.
सही त्यानं केली. मग म्हणाला, "बरं वाटलं. आता फाडून टाक. तू विचारलंस, झालं माझं."
त्याचं झालं असेल. माझं नाही. मी तो पत्राला टाचला आणि पत्रावर खाली तारीख बदलली. उद्या दहाला आवक खिडकी उघडते, तिथं शिक्का मारून घ्यायचा, मगच तिवारींच्या टेबलावर. तो म्हणाला, "ऐक माझं, नको जाऊस." मी म्हटलं, ऐकतेच आहे, आज पहिल्यांदा.
दहाच्या आधी आठ वाजतात. सूट काही सकाळपर्यंत मिळणार नाही. तेव्हा उद्या तो हॉलमध्ये जाईलच, नरवरेची अर्धी कॉइल पुरी करायला.
डब्यासाठी गवार निवडून ठेवली आहे.